वाल्बुर्गाचा कोबी

ओटिली : रक्त रक्ताला ओळखतं, कासिमिरो. दहा हजार माणसांत उभा केला तरी माझा भाऊ मी डोळे मिटून ओळखीन.

कासिमिरो : ओळखा की. फक्त डोळे उघडे ठेवा. परवा मिटले होतेत आणि माझ्या मेव्हण्याच्या गळ्यात पडलात.

ओटिली : त्याचे केस पिवळे होते.

कासिमिरो : ती गवताची टोपी होती, बाई.

ओटिली : ऊन डोळ्यांवर येत होतं.

कासिमिरो : येत असेल. मेव्हणा मात्र तेव्हापासून रोज दाढी करतो. आणि त्याआधीच्या तळावर तुम्ही ज्याला 'वेन्डेल, माझ्या बाळा' म्हणालात, त्याला नातवंडं होती.

ओटिली : उघड्यावर राहून माणूस लवकर पिकतो.

कासिमिरो : नऊ वर्षांचं पोर तुमचं, उत्तर-दक्षिण युद्धाच्या पहिल्या हिवाळ्यात कोमांचींच्या टोळीने उचललं. आज विशीच्या आतबाहेर असेल. किती पिकलं तरी साठीचं कसं होईल?

ओटिली : हसा तुम्ही. उन्हाळ्यात आईला समोरची टेकडी दिसेनाशी झाली. मग विहीर. मी निघाले तेव्हा आंधळेपण कुंपणापर्यंत आलं होतं. मला म्हणाली, "थंडीच्या आत आण त्याला, ओटिली. नंतर आणलास तर मला तो नुसता ऐकू येईल."

कासिमिरो : हसत नाही हो. पण हा शेवटचा तळ, एवढं सांगून ठेवतो. पाव संपले, तंबाखू संपला. उद्या कातडी भरली की गाडी माझ्या गावाकडे वळणार. यापुढे नदीच्या वर मी जायचो नाही, आणि खेचरं तर मुळीच नाहीत. त्यांना तुमच्या त्या मडक्याचा वास सोसत नाही.

ओटिली : आईच्या हातचा कोबी आहे तो.

कासिमिरो : माझ्या गाडीत काहीतरी मरून पडलंय, अशी या मुलुखात बोलवा आहे.

ओटिली : मेलेलं नाही, आंबलेलं आहे. मुद्दाम आंबवतात.

कासिमिरो : तेच मेव्हणा विचारत होता. मुद्दाम कशासाठी?

ओटिली : ज्याला कळायचं त्याला कळेल. वेन्डेलला त्या चवीने घर आठवेल.

कासिमिरो : बरं, आता ऐका. तो बघा, पलीकडे, तांबड्या पट्ट्याचा तंबू. त्यातल्या पोराला इथे 'शेपटीकडे-तोंड' म्हणतात. पहिल्यांदा घोड्यावर घातला तेव्हा उलटा बसला होता म्हणे.

ओटिली : आमच्या घरातलं कुणी घोड्यावर उलटं बसत नाही.

कासिमिरो : डोळे निळे आहेत.

ओटिली : निळे? आणि हे तुम्ही मला आज सांगताय?

कासिमिरो : आधी सांगितलं असतं तर तुम्ही मधल्या दोन तळांवर थांबला नसतात. माझे पाव तिथेच खपणार होते.

ओटिली : कासिमिरो, तुम्ही पापी माणूस आहात.

कासिमिरो : व्यापारी आहे, बाई. पाप रविवारी सांगून टाकतो. आता रीत ऐका. आत गेल्याबरोबर रडायचं नाही, गळ्यात पडायचं नाही. आधी खायचं, मग चिलमीचा धूर, मग बोलणं. आणि त्याचं नाव त्याला विचारायचं नाही. इथे स्वतःचं नाव स्वतःच्या तोंडाने सांगणं हलकं समजतात. दुसऱ्याने सांगायचं असतं.

ओटिली : माझे तीन प्रश्न ठरलेले आहेत. वडिलांचं नाव काय, आईचं नाव काय, तुझं नाव काय. तिन्ही बरोबर आली तर भाऊ, नाहीतर राम राम.

कासिमिरो : मागच्या तळावर त्या गड्याने तुमच्या तिन्ही प्रश्नांना 'होय' असं उत्तर दिलं होतं.

ओटिली : म्हणून तर त्याला भाऊ मानलं नाही.

कासिमिरो : मानला होतात. नातवंडं मागून आली. बरं, तिसरा प्रश्न तेवढा शेवटी ठेवा. आणि ते मडकं बाहेर ठेवा.

ओटिली : मडकं माझ्याबरोबर येणार.

(तंबूत. मधोमध विस्तव, त्यावर मांस. ओटिली पुरुषांच्या बाजूला जाऊन बसली आहे. कुणी काही म्हणत नाही.)

यजमान : खा.

कासिमिरो : खा, बाई. याला स्पॅनिश येतं. तुम्हालाही येतं. म्हणजे मला फक्त जेवायचं काम उरलं.

ओटिली : माझं खाऊन झालं.

यजमान : एक घास घेतलात.

ओटिली : मोठा घास होता. आता मी विचारते, त्याचं खरं उत्तर द्या. तंबाखू संपलेला आहे, तेव्हा खोटं सांगून हाती काही लागणार नाही. तुमच्या वडिलांचं नाव काय?

यजमान : …

ओटिली : ज्यांच्या घरी तुमचा जन्म झाला, त्यांचं.

यजमान : …

ओटिली : दाढीवाले. सुतारकाम करायचे. उजव्या हाताचा अंगठा करवतीने अर्धा गेलेला. काय नाव?

यजमान : खा. मांस गार होतंय.

ओटिली : हा नव्हे, कासिमिरो. बापाचं नाव कोण विसरतं? नऊ वर्षांचा होता तो, नऊ महिन्यांचा नव्हता. चला, उठा.

कासिमिरो : अहो, बसा. भरल्या पानावरून उठणं इथे…

ओटिली : निळे डोळे म्हणे! निळे डोळे मांजरालाही असतात. एवढी नदी चढून आले. आता आईला काय सांगू? की ज्याला बापाचं नाव येत नाही असा एक निळ्या डोळ्यांचा गडी होता, मांस बरं भाजत होता?

यजमान : बसा. दुसरं विचारा.

ओटिली : दुसरं कशाला? पहिल्यातच नापास झालात.

यजमान : तीन म्हणाला होतात. बाहेरून ऐकू येत होतं.

ओटिली : ठीक आहे. विचारायचं म्हणून विचारते. आईचं नाव?

यजमान : वाल्बुर्गा. तो हाक मारायचा तेव्हा बुर्गल. चिडला की पूर्ण.

कासिमिरो : बाई? बाई, आधी खाली बसा. पाय विस्तवात जाईल.

ओटिली : पुन्हा म्हण.

यजमान : वाल्बुर्गा. चुलीपाशी बसली की डावा बूट काढायची. उजवा नाही काढायची.

ओटिली : अजून तसंच करते. अरे, मग वडिलांचं… तो म्हणजे कोण? बुर्गल कोण म्हणायचं? नाव घे ना त्यांचं! बाल्थाझार! बाल्थाझार! एवढं साधं…

कासिमिरो : बाई, बाई! हळू. त्याने तोंडावर हात ठेवलाय, बघा.

ओटिली : का? माझ्या वडिलांच्या नावाला काय झालंय?

कासिमिरो : तुमचे वडील… आहेत ना?

ओटिली : देवाघरी गेले. तीन वर्षं झाली.

कासिमिरो : अरे देवा. चुकलं. हे सांगायचं राहिलंच. मेलेल्या माणसाचं नाव इथे घेत नाहीत. कधीच नाही. त्याची भांडी फोडतात, घोडा मारतात, तंबू मोडतात, आणि नाव त्या दिवसापासून बंद. घेतलं की मेलेला मागे वळून बघतो म्हणतात.

ओटिली : आणि हे तुम्हाला आत्ता आठवलं!

कासिमिरो : आजवर तुमच्या या प्रश्नाला सगळ्यांनी 'होय' म्हटलं. ओळखीचा मेलेला कुणाच्याच वाट्याला आला नव्हता.

ओटिली : थांबा. एक मिनिट. याला उचलून नेला तेव्हा वडील धडधाकट होते. छपरावर बसून फळ्या ठोकत होते. त्यानंतर हा घरी आला नाही. मग ते गेले हे याला कळलं कसं?

कासिमिरो : हा मात्र प्रश्न आहे. पोरा, कसं कळलं रे?

यजमान : दगड पाहिला.

ओटिली : कुठला दगड?

यजमान : चर्चमागे. ओकच्या झाडाखाली. पौर्णिमा होती, अक्षरं दिसत होती. अक्षरं तूच शिकवलीस, कान पिरगाळून.

ओटिली : तू आमच्या खोऱ्यात आला होतास? घरापासून हाकेच्या अंतरावर? कशाला?

यजमान : घोडे न्यायला.

कासिमिरो : मी म्हणतो, मांस घ्या ना कुणीतरी.

ओटिली : आमचा तांबडा घोडा!

यजमान : तोही.

ओटिली : तो तिसऱ्या दिवशी आपणहून परत आला.

यजमान : आपणहून नाही आला. ओढ्यापलीकडे गेल्यावर ओळखला. मग सोडला.

ओटिली : आई म्हणाली होती. कुंपणापाशी घोडा उभा, आणि आई म्हणाली, "वेन्डेलने परत धाडला." आम्ही एकमेकांकडे बघितलं. पाद्रीबाबांनी तिला थंड पाण्याची पट्टी ठेवायला सांगितली. मी ठेवली.

यजमान : ते नाव घेऊ नकोस.

ओटिली : कुठलं? वेन्डेल?

यजमान : घेतलंस पुन्हा.

ओटिली : तुझं आहे ते! तिसरा प्रश्न तोच होता!

कासिमिरो : स्वतःचं नाव सांगणं हलकं समजतात, म्हणालो ना मी…

यजमान : म्हणून नाही. दोन दगड होते.

कासिमिरो : दोन?

यजमान : एक मोठा, त्याचा. शेजारी लहान. त्यावरचं नाव मी बोट फिरवून वाचलं. त्या पोराचं होतं. पोरगा मेला होता.

कासिमिरो : म्हणजे तू.

यजमान : तो. मी घोडे घेऊन आलो होतो.

कासिमिरो : बाई, हे काय नवीन? तुम्ही याला पुरून बसलात?

ओटिली : पुरलं नव्हतं. नुसता दगड लावला होता. दगड घडवणारा तेवढ्या लांबून एका दगडासाठी यायला तयार नव्हता. पाद्रीबाबा म्हणाले, दोघांचं एकदम होऊन जाऊ दे, आईच्या मनाला स्वस्थता येईल. मलाही ते बरोबर वाटलं.

यजमान : आली स्वस्थता?

ओटिली : आई काही बोलली नाही.

यजमान : इथे चांगलं झालं. परत आलो आणि इथल्या आईला सांगितलं, तो पोरगा गेला. तिने त्याचे बूट जपून ठेवले होते, ते जाळले. केस कापले. दोन दिवस रडली. मी शेजारीच बसलो होतो. छान रडली.

ओटिली : तुझ्यासाठी? तुझ्यासमोर?

यजमान : त्याच्यासाठी. मीही थोडा रडलो. चांगला पोरगा होता. शेळीमागे फार लांब गेला, एवढंच.

कासिमिरो : मुलुख मोठा आहे, बाई. मी पुष्कळ मयतं पाहिली, पण मयताने स्वतः बसून खाल्लेलं हे पहिलंच.

ओटिली : तू मला ओळखलंस केव्हा? आईचं नाव विचारलं तेव्हा?

यजमान : आत येताना तू गवतावर पाय पुसलेस. इथे कुणी पाय पुसत नाही.

ओटिली : मग त्याच वेळी बोलला का नाहीस?

यजमान : तू प्रश्न विचारत होतीस. मध्ये बोललेलं तुला चालत नाही.

कासिमिरो : दहा हजारांत ओळखणारी ही, आणि ओळखलं त्याने. पायावरून.

ओटिली : तुम्ही जेवा. हे बघ, वे… हे बघ, तू. ती चूक होती. दगड लावल्याने माणूस मरत नाही. आता तू माझ्याबरोबर घरी चल.

यजमान : कोण?

ओटिली : कोण म्हणजे? तू!

यजमान : मी तिथला नाही. तिथला होता तो गेला. तुम्हीच नीट निरोप दिलात त्याला, वडिलांच्या शेजारी. आता मी गेलो, तुम्ही त्या नावाने हाक मारली, मी ओ दिली, तर ते काय होईल?

कासिमिरो : भूत होईल.

यजमान : ह्यांना कळतं.

ओटिली : आमच्यात मेलेले परत येतात. पवित्र ग्रंथात लिहिलंय. एक तर नक्की आला, तिसऱ्या दिवशी.

यजमान : आठवतंय. तू सांगायचीस. मग तो घरी राहिला?

ओटिली : नाही. स्वर्गात गेला.

यजमान : म्हणजे घरी नाही आला.

ओटिली : कासिमिरो, तुम्ही तरी सांगा याला काही!

कासिमिरो : मी काय सांगणार? ग्रंथाचा मुद्दा त्याने जिंकला.

ओटिली : बरं. देव बाजूला ठेवते. आईचे डोळे चाललेत. टेकडी गेली, विहीर गेली. हिवाळा उजाडेल तेव्हा हातभर लांबचंही दिसणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. तिला तुझं तोंड बघायचंय. मग तू हवा तिथे जा, हवं ते नाव लाव. पण तिला दिसतंय तोवर एकदा तिच्यासमोर उभा राहा.

यजमान : सुईत दोरा ओवते?

ओटिली : मी ओवून देते.

यजमान : चुलीवर हात भाजून घेते?

ओटिली : मागच्या महिन्यात घेतला.

कासिमिरो : धूर काढायचा राहिला बघा. आधी धूर, मग बोलणं, असं मी सांगितलं होतं.

ओटिली : तू उलटा का बसलास घोड्यावर?

यजमान : घर दिसत होतं. दिसत होतं तोवर उलटा बसलो. मग सुलटा केला त्यांनी. त्या मडक्यात काय आहे?

कासिमिरो : नको. पोरा, माझ्या मनात तुझ्याविषयी काही वाईट नाही, म्हणून सांगतो. ते उघडू नकोस.

ओटिली : घे. हाताने घे, इथे चमचा कुठला असणार. आईने गेल्या हिवाळ्यात घातला होता, मी तळातला काढून आणलाय. तुम्हीही घ्या, कासिमिरो, एवढे दिवस वास घेताय तर.

कासिमिरो : मेरीमाते. हं. म्हणजे… आंबट आहे. वाईट नाही. खेचरांना सांगू नका.

यजमान : हा तिचा नाही.

ओटिली : तिचाच आहे! मी शेजारी उभी होते.

यजमान : तिचा वर तरंगायचा. वरचा थर काळा पडायचा, तो काढून कोंबड्यांना टाकायचा. हा दबलाय. पार तळापर्यंत दबलाय.

कासिमिरो : दबलाय म्हणजे?

यजमान : कोबी चिरतात, मीठ लावतात, पिंपात भरतात. वर फळी, फळीवर वजन. वजन कमी पडलं की कोबी तरंगतो आणि सडतो. आमच्याकडे वजन नव्हतं. खोऱ्यातले दगड भुसभुशीत, मिठात फुटायचे. मग ती त्या पोराला फळीवर बसवायची. बराच वेळ. तो बसून बसून कंटाळायचा.

ओटिली : ती पुढ्यात बसून शेंगा सोलायची आणि गोष्टी सांगायची. तू हललास की चमचा दाखवायची.

यजमान : पाठीवर मारायची. दाखवायची नाही.

ओटिली : हलायचासच तेवढा.

यजमान : आता कुणाला बसवते? तुला पोरं आहेत?

ओटिली : नाहीत.

यजमान : मग तू बसतेस?

ओटिली : मी? त्या पिंपावर?

यजमान : मग हा दबला कशाने?

कासिमिरो : बाई, आता तुम्ही तोंडावर हात ठेवलात. तुमच्याकडेही रीत आहे की काय काही?

ओटिली : तू आलास ती पौर्णिमा. आठवतं? उन्हाळा सरला होता, वाटतं.

यजमान : मका खुडून झाला होता.

ओटिली : म्हणजे दगड लावून आठवडा झाला असेल. पुढच्याच महिन्यात कोबी निघाला. एक दिवस सकाळी आई दिसेना. मी चर्चकडे धावले. पाद्रीबाबा ओकखाली उभे, तोंड उघडं. वडिलांचा दगड जागेवर. दुसरीकडे नुसता खड्डा. आईने तो हातगाडीवर घातला होता.

यजमान : कुठला?

ओटिली : लहान. म्हणाली, "याच्या खाली कुणी नाही. आणि चांगला घट्ट दगड आहे, बाहेरून आणलाय." पाद्रीबाबांनी पाप म्हटलं, पुरुषमंडळी दोनदा मागायला आली. दोनदा ती पिंपापुढे बसून राहिली.

कासिमिरो : म्हणजे तेव्हापासून…

ओटिली : तेव्हापासून तो फळीवर आहे. नाव खालच्या बाजूला. तू बसायचास तिथे.

यजमान : मग चर्चमागे आता एकच दगड?

ओटिली : एकच.

यजमान : आणि मी तीन वर्षं मेलेला.

कासिमिरो : तसं बघितलं तर महिनाभरच. बाकीचं तू आपल्या मनाने.

यजमान : इथल्या आईने बूट जाळले.

ओटिली : बूट तसेही लहान झाले असते.

यजमान : तिला सांगावं लागेल. चिडेल. केस कापले होते तिने.

कासिमिरो : केस आलेत परत. मी पाहिले मघाशी.

यजमान : यंदाचा कोबी भरला?

ओटिली : मी पोचेन तेव्हा निघेल. आईला चिरता येणार नाही यंदा. मी चिरीन.

यजमान : तू जाड चिरतेस.

ओटिली : मी जाड चिरते? तुला आठवतं काय रे एवढं?

यजमान : जाड चिरलेल्याला एक दगड पुरत नाही. वजन लागेल. घोडे पाण्यावर गेलेत. आले की निघू.

कासिमिरो : निघू? बाई, तो निघू म्हणाला. नीट ऐकलंत ना? नाहीतर पुन्हा माझ्या मेव्हण्याला…

ओटिली : ऐकलं. अरे, कायमचा येशील ना? आईला मी काय सांगू, कायमचा आला म्हणून सांगू?

यजमान : कोबी दबेपर्यंत. मग इथे गव्यांची शिकार असते.

कासिमिरो : दबायला किती लागतात?

ओटिली : सहा आठवडे.